समाज भवनातलं बोरोदिनो

८ डिसेंबर, सोमवार

परत भुसा निघाला! पूर्वेकडच्या टेकडीवरचा, पंज्याएवढा तुकडा. डिंकात पाणी जास्त झालं, दुसरं काय. खरवडून पुन्हा लावला.

सप्टेंबरपासून हेच चाललंय. बोरोदिनो — १८१२, मॉस्कोच्या अलीकडे, नेपोलियन विरुद्ध रशियन. सगळं रणांगण थर्माकोलवर उतरवलं. टेकड्या, नाला, बर्चची झाडं, मधोमध रशियनांचा मातीचा बुरूज. गवत म्हणजे राईस मिलमधला धानाचा भुसा, हिरवा रंगवून. विलायती गवत बाजारात मिळतं, पण ते फार हिरवं. सप्टेंबरातलं रशियातलं गवत तसं नसतं.

बायको, गीता, म्हणते, "दुकानात चष्मा घ्यायले आलेला माणूस तुमच्या नखातला हिरवा रंग पाहून परत जाते." जाऊ दे.

शनिवार-रविवारच्या खेळाला नागपूरचे धर्मेंद्र साहेब येणार. आर्किटेक्ट आहेत. टेबलावर जुन्या लढाया खेळणाऱ्या त्यांच्या गटाचा थंडीतला मोठा मेळावा दरवर्षी नागपुरात भरतो. पुढच्या वर्षी तो बालाघाटला भरवायचा का, हे इथला खेळ पाहून ठरवणार. नागपूर, जबलपूर, रायपूरचे खेळणारे — माझ्या टेबलाभोवती! नाहीतर मी आणि दुलीचंद, दुलीचंद आणि मी. कितीतरी वर्षं तेच रविवार. मी जिंकतो, तो हसतो.

हा खेळ मला कोणी शिकवला नाही. पुस्तकं मागवली, इंग्रजी डिक्शनरी शेजारी ठेवून वाचली, पलटणींचे रंग पाठ केले. बी.एस्सी. अर्धी सोडलेला माणूस आहे मी. ते साहेबांना सांगायची गरज नाही. टेबल बोलेल.

१० डिसेंबर, बुधवार

दुलीचंद किरनापूरहून त्याचे छोटे फ्रेंच शिपाई घेऊन आला. बुटांच्या खोक्यात, कोंबून! तिघांच्या संगिनी वाकल्या.

तोफांच्या गाड्यांना तपकिरी ऑइल पेंट फासलाय. म्हटलं, फ्रेंच गाडी हिरवट असते, जैतुनी. हा काय रंग? म्हणाला, "घराच्या फाटकाचा उरला होता बे. मस्त चमकते ना?"

चमकते! आणि शिपायांचे कोट आखूड. तो कोट त्या वर्षी रशियात कोणाच्या अंगावर पोचलाच नव्हता. मी त्याला हे तिसऱ्यांदा सांगितलं. तो म्हणाला, "मेलेल्या माणसाले का फरक पडते, वसंता?"

धानाच्या खरेदीचा सीझन आहे, मंडीत त्याच्या नावाने लोक ओरडत असतात, तरी तीन दिवस काढून येणार आहे. ते खरं. पण काम करायचं तर नीट करावं ना माणसाने.

गाड्या मीच रंगवल्या. दोनच झाल्या.

११ डिसेंबर, गुरुवार

वॉर्डातल्या समाज भवनात टेबल लागलं. टेंटहाउसची मेजं, त्यांवर माझी थर्माकोलची मैदानं. एकही जोड दिसत नाही. वाकून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून पाहिलं — धुकं तेवढं हवं होतं.

मग बल्ब गेले. गीता आणि दुलीचंदला टेबलापाशी ठेवून वीजवाल्याच्या मागे अर्धा दिवस. तो एका लग्नात झालर लावत होता. त्याला स्कूटरवर बसवून आणला तेव्हा काम झालं.

शिवाय शेजारच्या लॉनवर रविवारी लग्न. डीजे. मी मालकाला विचारलं, आवाज थोडा कमी ठेवाल? त्याने विचारलं, "तुमच्याकडं का हाय? भजन?" म्हटलं, लढाई आहे. तो माझ्याकडे बघतच राहिला.

१२ डिसेंबर, शुक्रवार

पाहुणे आले. गोंदियाहून गाडी दीड तास उशिरा. मी प्लॅटफॉर्मवर उभा.

धर्मेंद्र साहेब कमी बोलतात. सोबत रजत म्हणून जबलपूरचा, पंचवीस-सव्वीसचा, सगळं हिंदीत. मला "अंकल" म्हणतो. चालेल.

साहेबांनी टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारली. बुरुजापाशी थांबले. खिशातून चष्मा काढला. मग म्हणाले, "हे एकट्याने केलंत?"

हौ म्हणालो. एवढंच.

तेवढ्यात दुलीचंदने चहाचा ग्लास बुरुजावर ठेवला. बुरुजावर! गोल डाग पडला. वर म्हणतो कसा, "रशियनची चाय हाय, राहू द्या."

साहेब हसले नाहीत.

जेवताना नियम समजावले. साहेब रशियन. दुलीचंद आणि रजत फ्रेंच — दुलीचंदकडे मधली पलटण आणि मोठा तोफखाना, रजतकडे डावीकडचं घोडदळ. मी पंच. पंचाने कोणाला सल्ला द्यायचा नाही, हे माझंच कलम.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: आधी बोल, मग काडी. आमच्याकडे तोफेचा पल्ला बांबूच्या काडीने मोजतात. काडीवर तीन रंगांचे पट्टे — जवळचा मारा, मधला, लांबचा. पण आधी तोंडाने "मारतो" म्हणायचं, तेव्हाच काडी टेबलावर ठेवायची. पोचली तर पोचली, नाही तर गोळा वाया गेला. आधी मोजून पाहणं सक्त मना. सेनापतीच्या खिशात टेप नसते. नुसत्या डोळ्यांनी अंदाज घेतला पाहिजे.

साहेबांना हे आवडलं. म्हणाले, "आमच्याकडे लोक टेप घेऊनच टेबलाभोवती फिरतात. कंटाळा येतो."

झोपायला जातो. पण झोप कुठली.

१३ डिसेंबर, शनिवार

काय लिहू! डोकं फुटायची वेळ आली.

सुरुवात झकास झाली. रजतचं घोडदळ पहिल्याच तासात नाल्यावर. फासेही चांगले पडत होते. पोरगं ओरडत होतं, "अरे वाह, क्या स्पीड है!" साहेब पुढे वाकून खेळायला लागले. मला वाटलं, जमलं.

आता बोरोदिनोचा जीव कशात आहे? तोफांत! फ्रेंचांनी शंभरावर तोफा मांडल्या. पहाटे मांडलेल्या पहिल्या जागेवरून गोळे पोचेनात, म्हणून ओढत पुढे आणल्या आणि मग दिवसभर भाजून काढलं. तो सगळा तोफखाना, त्याच पहाटेच्या जागी, दुलीचंदच्या हातात दिलेला. त्याने एकच करायचं — पुढे न्यायचा आणि मारायचा.

तो काही करेचना!

पहिली पाळी — "धुकं हाय." दुसरी पाळी — "गोलंदाज जेवून राह्यले." तिसरी — "घोडे तहानले." मी पंच, बोलता येत नाही. ओठ चावत उभा. रशियनांना माझाच हुकूम होता, शत्रूचं पायदळ नाला ओलांडेपर्यंत गोळा टाकायचा नाही. म्हणजे टेबलाच्या मधोमध दोन्हीकडच्या तोफा गप्प, एकमेकींची तोंडं पाहत!

रजत चिडला. "दुलीचंद अंकल, फायर बोलो ना! स्टिक रखके देखते हैं, क्या जाता है?"

"जाते ना बापा, दारू जाते. दारू वाचवून राह्यलो मी."

"बारूद गिनते ही नहीं हैं इस गेम में!"

"म्हणून तं जास्त जपाव लागते."

साहेब माझ्याकडे पाहत होते. मी छताकडे.

दुपारी रजत म्हणाला, ठीक आहे, दोघांची बाजू एकच, हुकूम मी देतो. नियमाप्रमाणे देता येतो. तो काडी घ्यायला वळला — काडी नाही! खुर्चीवर होती आणि खुर्चीवर दुलीचंद. उठला तर तीन तुकडे. माझी काडी! बारीक ब्रशने पट्टे मारलेली, वार्निश दिलेली. टेबलावर तेवढी एकच होती.

"अरे राजा! बुडात टोचलं तवा समजलं."

सगळ्यांसमोर मी बोललो. पंचाने सल्ला द्यायचा नाही, पण हा सल्ला नव्हता. म्हटलं, "दुलीचंद, इतकी वर्षं झाली, तुला एक लढाई समजली नाही. लोक नागपूरहून आले. तू इथे बसायला आला का खेळायला?"

तो म्हणाला, "बसायलेच आलतो, काडी मधात आली." आणि हसला. एकटाच हसला.

संध्याकाळी नवी काडी केली. वार्निश नाही. वाळलं नसतं.

१४ डिसेंबर, रविवार

डीजे सकाळी दहालाच सुरू. भिंती हलत होत्या, त्याबरोबर माझी बर्चची झाडं.

दुलीचंदने पहिल्याच पाळीत तोफखाना जोडला — घोडे लावले, गाड्या वळवल्या — मला वाटलं, आला ताळ्यावर, पुढे नेतो. तो मागे घेऊन गेला! मागे, जंगलाच्या आड! जिथून बुरूज दिसतही नाही. शंभर तोफांचा तोफखाना झाडांमागे उभा करून हा माणूस समोसा खायला बसला.

रजत कपाळावर हात मारून म्हणाला, "अंकल, आप रशियन तो नहीं?"

"मी किरनापूरचा," दुलीचंद म्हणाला.

मग काय व्हायचं ते झालं. फ्रेंच पायदळ तोफांशिवाय बुरुजावर चढलं, तीनदा चढलं आणि तीनदा खाली आलं. रजतचं घोडदळ डावीकडून आत घुसलं, परत निघालं, परत घुसलं. एका पाळीत बुरूज फ्रेंचांचा, दुसऱ्या पाळीत रशियनांचा. साहेबांनी स्वेटर काढला, बाह्या वर केल्या. शेवटचा फासा रजतने डोळे मिटून टाकला. एक पडला. बुरूज रशियनांकडे राहिला. डीजेच्या वर आवाज चढवून दोघं ओरडले.

खेळ रंगला, नाही म्हणत नाही. पण बोरोदिनो नव्हतं ते! तोफांशिवाय बोरोदिनो म्हणजे काय? कोणीही शहाणा माणूस म्हणेल, यांच्याकडे नियम चुकतात.

मी दुलीचंदला बाहेर घेतलं. पण व्हरांड्यात साहेब हात धूत होते, त्यांनी ऐकलंच असणार. म्हटलं, यापुढे तोफा तुझ्याकडे नाही. तू मांडायचं, चहा आणायचा, बघायचं.

मी थांबलो, की आता काहीतरी फालतू बोलेल. त्याने रुमालाने तोंड पुसलं. मग म्हणाला, "साहेब खूश हाय का?"

"तुझ्यामुळे कसे असतील?"

"खेळ मध्येच थांबला नाही ना पण."

"त्यात तुझं काय?"

"नाही, बरोबर हाय," म्हणाला. बुटांच्या खोक्यात फ्रेंच भरले आणि निघून गेला. फोटोच्या आधीच. फोटोत आम्ही तिघं.

स्टेशनवर जाताना ऑटोत साहेब बोलले. दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळे बोलले. "वसंतराव, खेळ कुठे रेंगाळला नाही. आमच्याकडे बोरोदिनो म्हणजे पहिला दिवस नुसत्या तोफा. माणूस झोपतो. पुढच्या डिसेंबरचा मेळावा इथेच करू."

मला वाटलं, ऑटोतून खाली उडी मारावी आणि नाचावं.

मग म्हणाले, "फक्त एक. तुमचे ते मित्र. लोक लांबून येणार, रजा काढून. गंभीर माणसं पाहिजेत. त्यांना तुम्ही समजावाल ना?"

हौ म्हणालो.

लगेच म्हणालो. विचार करायलाही थांबलो नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं, की हे दुसऱ्या कोणी बोललं.

१५ डिसेंबर, सोमवार

मैदान घरी आणलं, माडीवर मांडलं. दुलीचंदचा ट्रॅक्टर येणार होता. तो आला, पण त्याच्या माणसाबरोबर. स्वतः आला नाही. मंडीत काम असेल.

१६ डिसेंबर, मंगळवार

दार लावून लिहितो आहे.

ज्या जुन्या नकाशावरून मैदान केलं तो साहेबांनी मागितला — मेळाव्यासाठी आणखी एक मैदान नागपुरात करायचं म्हणून. मी दुकानातला कागदी नकाशा नको म्हटलं, मूळ फाइलच पाठवू. मोबाइलवर उघडली. सहज खाली सरकवली.

तळाला मापाची रेघ. रेघेखाली फ्रेंच अक्षरं — तोआज.

माझ्या कागदावर रेघ आहे. ती अक्षरं नाहीत! मोठी प्रिंट काढताना मीच प्रिंटवाल्या मुलाला सांगितलं होतं, पांढरी कड कापून टाक, विनाकारण जागा खाते. रेघेवरचे आकडे राहिले, खालचा शब्द गेला. आधीचे माझे सगळे नकाशे इंग्रजी पुस्तकांतले, त्यांत गज. मी गज धरले. विचारसुद्धा केला नाही.

तोआज म्हणजे फ्रेंचांचं जुनं माप. साधारण दोन मीटर. गज मीटरलाही पुरत नाही. म्हणजे जिथे दोन हात अंतर हवं, तिथे मी एक ठेवलं. टेकडीपासून टेकडी, नाल्यापासून बुरूज — सगळं मैदान निम्म्याहून लहान. बटणांचे रंग बरोबर, कॉलर बरोबर, गवत बरोबर. जमीनच चुकली!

नवी काडी घेऊन माडीवर गेलो. शनिवारी सकाळी दुलीचंदचा तोफखाना जिथे होता तिथून ठेवली. वाटलं होतं बुरुजाच्या अलीकडे राहील. बुरूज मधल्याच पट्ट्यात! काडीचं टोक पार मागच्या राखीव पलटणींवर. एकही रशियन असा नव्हता जो सुटला असता.

घाम फुटला. डिसेंबरात.

दुलीचंदने एकदा, नुसतं एकदा "मारतो" म्हटलं असतं, तर काडी ठेवावी लागली असती. चहा यायच्या आत रशियन साफ. आणि धर्मेंद्र साहेब काही बुद्दू नाहीत. जिथून गोळे पोचले नव्हते तिथून पोचताना दिसले असते तर त्यांनी तिथल्या तिथे विचारलं असतं, वसंतराव, हे माप कुठून काढलंत? त्या पोरासमोर. माझ्या टेबलापाशी.

खेळ भराभर पळाला तो काहून, तेही आता कळलं. अंतरच नव्हतं.

वाचलो! त्या अडाण्याच्या आळसाने वाचलो. त्याला तोफ म्हणजे काय हे कळत नाही, म्हणून वाचलो. देव असा कोणाच्याही रूपात येतो.

फाइल पाठवली नाही. सांगितलं, शोधतो.

१७ डिसेंबर, बुधवार

ठरवलं. मैदान फोडायचं. कोणाला कळू न देता नवीन करायचं, खऱ्या मापाचं. वर्ष आहे हातात. जागा दुप्पट लागेल, ती बघू.

पहिली टेकडी आज काढली. करवतीने. भुसा चांगला चिकटला होता या वेळी.

साहेबांचा मेसेज — "तारखा कळवतो. मित्रांशी बोललात का?" दोन निळ्या खुणा गेल्या असतील त्यांना. मी उत्तर दिलं नाही.

गीताने विचारलं, "दुलीचंद भाऊजी नाही आले दोन दिवस?" म्हटलं, येणारही नाही, तो आता आपल्यात नसेल. तिने काहून विचारलं. मी सांगितलं — अडाणी आहे, खेळ समजत नाही, काडी मोडली, नाक कापलं. तिने भांडी फार आपटली.

उद्या सकाळी त्याला फोन करायचा. गोड शब्दांत. "तुझ्या धंद्याच्या सीझनमध्ये येतं रे, तुला त्रास" — असं काहीतरी. त्याला राग येत नाही कशाचाच. हसेल.

१८ डिसेंबर, गुरुवार

फोनवर काय बोलायचं ते गीताला आधी म्हणून दाखवत होतो. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

म्हणाली, "त्याईले अडाणी म्हणू नका. मले शपथ घातली होती, पण आता सांगतो मी. तुमी वीजवाल्याले आणाले गेलते ना, तवा त्याईनं तुमची काडी ठेवून पाह्यली टेबलावर. पाह्यली अन् मटकन खुर्चीवरच बसले. म्हणे, वहिनी, हे तं चाय यायच्या आधीच सरते. वसंताले सांगू नका. तीन महिने खपला तो, पाव्हणे उद्या येऊन राह्यले, आता काईच करता येत नाही. मी पाह्यतो."

दुकान उघडलं नाही. किरनापूरच्या बसमध्ये बसून लिहितो आहे, अक्षर हलतंय. तिथे पोचल्यावर तोंड कसं उघडायचं, ते अजून सुचलेलं नाही.